टॉवेलावरची दोघं

सोलापूरच्या माणसानं समुद्राच्या नादी लागू नये. ज्या गावात नळाला पाणी सुटलं की लोक एकमेकांना हाका मारून बातमी देतात, तिथल्या माणसाला एवढं मोठं पाणी झेपत नाही. पण यशवंतराव सर्वगोड लागले. बरं, लागायचंच होतं तर अलिबाग होतं, गणपतीपुळे होतं. हे गृहस्थ थेट स्पेनच्या समुद्राच्या नादी लागले, आणि तेही एका टॉवेलापायी.

तसा त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता असं नाही. सहा डिसेंबरला दादरला जाणं चुकलेलं नव्हतं. पण तिथं समुद्र बघायला कोण जातं? रांगेत उभं राहायचं, बाबासाहेबांपुढे डोकं टेकवायचं, पुस्तकं घ्यायची आणि परतीची गाडी गाठायची. समुद्र आपला पलीकडे वाजत असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि त्याचीही काही तक्रार नसते.

यशवंतरावांनी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका टर्किश टॉवेलच्या कारखान्यात काढली, डिझाइन खात्यात. ग्राफपेपरवर चौकोन रंगवायचे. जो चौकोन रंगवाल तो धागा टॉवेलावर वर येतो. फुलं, पानं, मोर, बदकं असं आयुष्य चाललं होतं. तर एकदा, मुलगी बुद्धप्रिया पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट, स्पेनहून ऑर्डर आली. समुद्रावर अंथरायचे मोठे टॉवेल, आणि त्यांच्यावर अलिकांते नावाचं शहर. सोबत नमुन्याला एक पोस्टकार्ड. निळा समुद्र, काठानं झाडं, लाटालाटांच्या रंगीत फरशीचा रस्ता, मागे उंच डोंगर आणि डोंगराच्या टोकावर जुना किल्ला.

आता एवढं सुंदर कार्ड. पण आपलं ऑफिस ते ऑफिस. आवक विभागातल्या साहेबांनी त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला, तो नेमका किल्ल्याच्या पायावर. जांभळ्या शाईत अर्धा डोंगर बुडाला. यशवंतराव कार्ड घेऊन साहेबांकडे गेले. म्हणाले, "साहेब, किल्ल्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही." साहेब म्हणाले, "किल्ल्याच्या खाली काय असणार? किल्लाच असणार की! भरा." झालं. यशवंतरावांनी जो एकच किल्ला आयुष्यात नीट बघितला होता तो भरला. आपला भुईकोट. बुरूज, तट, जंग्या, सगळं कसं व्यवस्थित. ऑर्डर पास झाली, माल गेला. तेव्हापासून अलिकांतेचे लोक सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर अंग पुसताहेत आणि एकाचीही तक्रार आलेली नाही.

पण खरी गंमत वेगळीच होती. कार्डावर माणसं नव्हती. यशवंतरावांना ते शहर रिकामं रिकामं वाटलं, म्हणून त्यांनी समुद्राकाठच्या झाडाखाली दोन माणसं बसवली. झाड खजुराचं होतं, पण त्यांनी ते मंगळवेढ्याच्या ओढ्यावरच्या शिंदीसारखं काढलं, कारण सासुरवाडी मंगळवेढ्याची. आणि माणसांपैकी बाईच्या अंगावर हिरवा रंग टाकला, कारण शालनकडे तेव्हा एक हिरवी साडी होती. काठ उसवलेला म्हणून बाजूला काढलेला एक पीस त्यांनी घरी आणला आणि बायकोला दाखवला.

"हा मी, ही तू," ते म्हणाले.

शालननं टॉवेल उजेडात धरून पाहिला. नखाएवढी दोन ठिगळं. "एवढ्या लांब जाऊन बसलोय व्हय आपन?"

"बसलोय तर कधीचे. आता नुसतं जायचं राहिलंय."

टॉवेल कपाटात गेला. त्यानं कोणी अंग पुसायचं नाही असा शालनचा कायदा होता. पण जायचं ते राहिलंच. राहणारच हो! माणसाला काय एकच उद्योग असतो? मुलांची शाळा आली, कॉलेज आलं, घर आलं, गुडघे आले. मोबाइल आला तेव्हा यशवंतरावांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर अलिकांते शोधलं. सगळं दिसलं. किल्ल्याखाली तट नाही, नुसता उघडा डोंगर आहे, हेही दिसलं. पण फोटोत बघता येतं, बसता येत नाही. ते रात्रीचं जेवण झालं की चष्मा कपाळावर सरकवून त्या किनाऱ्यावरची झाडं मोठी करून बघत आणि मग फोन चार्जिंगला लावत. असल्या माणसाला उगाच छेडू नये.

तर अशा माणसाच्या घरी यंदा बुद्धप्रियाचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, ऑफिस मला ट्रेनिंगला पाठवतंय. स्पेनला." मग जरा थांबून, "अलिकांतेला."

यशवंतरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"पप्पा, ऐकताय ना? तुम्ही दोघंही चला की. माझ्याच खोलीवर राहायचं."

त्यांनी फोन ठेवला, कपाट उघडलं, टॉवेल काढला आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. शालन स्वयंपाकघरातून डोकावली. "काय हो? आंघोळ तर सकाळी झाली की तुमची."

इथपर्यंत सगळं खासगी होतं. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या मैत्री सोसायटीत खासगी काही टिकत नाही. शालननं भाजीच्या गाडीवर नुसतं विचारलं, "परदेशात मेथी मिळती का हो?" आणि संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले.

पहिले आले समोरचे बिरुदेव. हे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. जगातल्या कुठल्याही प्रवासाबद्दल यांचं मत तयार असतं. "यशवंतराव, विमानात चाकावरची सीट घेऊ नका. हादरे बसतात. मधली घ्या, डाव्या अंगाची. आणि कंडक्टर दिसला की आधी उतरायचं ठिकाण सांगून ठेवायचं, नायतर पुढं नेऊन सोडतात." त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंची चिंता निराळी. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं की स्पेनमध्ये गल्लीत बैल सोडतात आणि लोक पुढं पळतात. "शालनवैनीचं गुडगं असलं. त्या कुटं पळत्यात? बैल आला तर काय करायचं ते इचारून ठेवा." शालननं शांतपणे सांगितलं, "बैलाला काय भ्यायचं? आमच्या घरी चार व्हते." तो प्रश्न तिथंच मिटला.

तिसरे श्रीमंत. हे त्यांचं आडनाव; तसे ते सोसायटीचे चेअरमन, पण सगळे त्यांना 'दुबई रिटर्न' म्हणत, कारण एका साखर कारखान्याच्या सहलीतून ते तीन दिवस दुबईला जाऊन आले होते आणि तेव्हापासून कुठल्याही विषयात "आम्ही दुबईला असताना" असं सुरू करत. त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचं, कडक भाकरीचं आणि कुलपाचं महत्त्व सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. 'मा. यशवंतराव सर्वगोड यांना स्पेन दौऱ्याबद्दल हार्दिक शुभेच्छा!' यशवंतरावांचा फोटो मध्यम, शालनचा खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि शुभेच्छुक श्रीमंत यांचा गॉगल घातलेला, सगळ्यांत मोठा. यशवंतराव वरवर म्हणाले, "कशाला हो हे?" पण त्या दिवशी ते कोपऱ्यावरून दूध आणायला नेहमीपेक्षा सावकाश गेले.

आता अजून पासपोर्टसुद्धा नव्हता, ही गोष्ट फ्लेक्सला कोण सांगणार?

पासपोर्टला शालनचं नाव आडवं आलं. शाळेच्या दाखल्यावर शालन, आधारवर शालिनी आणि रेशनकार्डावर शालनबाई. पासपोर्ट कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, यातल्या तुम्ही कोण? शालन म्हणाली, "तिन्ही मीच हाय. जसं काम असंल तसं बोलवत्यात." प्रतिज्ञापत्र करावं लागलं की या तिन्ही बाया एकच. मग पोलीस चौकशी. हवालदार आले तेव्हा साक्षीला बिरुदेव हजर. "यांना ओळखता का?" असं विचारल्यावर 'हो' म्हणावं आणि सही करावी, एवढंच काम. पण बिरुदेवांना वाटलं, शेजारधर्माला जागावं. "ओळखतो म्हणजे? वीस वर्षं बघतोय. शांत मनुष्य. कधी कुठं जात नाही. आता मात्र एकदम देशच सोडून निघालेत, आम्हालाही आश्चर्य वाटलं." हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि यशवंतरावांकडे नव्यानं पाहिलं. पुढं दोन वेळा चहा करावा लागला आणि यशवंतरावांना आपल्या चांगल्या वागणुकीची माहिती स्वतःच द्यावी लागली, जे कुठल्याही सभ्य माणसाला फार जड जातं.

पासपोर्ट झाले. मग व्हिसाचे फोटो. आपल्याकडचे स्टुडिओवाले मोठ्या मनाचे असतात. गिऱ्हाईक जसं आलं तसं परत पाठवत नाहीत. यशवंतरावांना त्यानं कॉम्प्युटरवर असं काही उजळवलं, सुरकुत्या काढल्या, भुवया भरल्या की ते एखाद्या नवरदेवाच्या धाकट्या भावासारखे दिसू लागले. त्यांना मनातून बरं वाटलं. मुंबईला व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागच्या पोरीनं फोटो पाहिला, यशवंतरावांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि अदबीनं म्हणाली, "सर, हा तुमच्यासारखा दिसत नाहीये."

"मीच आहे तो," यशवंतराव म्हणाले.

"असाल सर. पण दिसत नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं हुबेहूब काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल हे ऐकावं लागलं. तिथल्याच यंत्रात बसून पुन्हा फोटो काढला. त्यात ते खरोखर स्वतःसारखे आले, त्यामुळे तो त्यांनी कोणाला दाखवला नाही. शालनचा फोटो मात्र पहिल्या झटक्यात पास झाला. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरला हात लावायच्या आधीच तिनं त्याला दम दिला होता, "हाय तसं ऱ्हाऊ दे. मला काय लगीन करायचंय?"

कागद गेले. बुद्धप्रियानं सांगितलं की कधीकधी तिकडून फोन येतो, चौकशीला. खरं ते सांगायचं, घाबरायचं नाही. बस! यशवंतरावांनी फोनची पूजाच मांडली. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. शालन म्हणायची, "त्यास्नी शर्ट दिसनार हाय व्हय?" पण ते म्हणत, आवाजात शर्ट कळतो.

फोन आला, पण शालनला. आणि कधी आला? पाण्याच्या दिवशी. आता बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. त्याचा दिवस असतो. त्या दिवशी सोसायटीत कोणी आजारी पडत नाही, कोणी कोणाच्या दारात जात नाही, पाहुण्यांना आधीच कळवलेलं असतं. आणि आमच्या सोसायटीत त्या दिवसाची सेनापती शालन. एका हातात पाइप, साडीचा ओचा खोचलेला, आधी पिण्याचं, मग पिंप, मग टाकी. यशवंतरावांना इतक्या वर्षांत पाइपला हात लावायची परवानगी मिळाली नव्हती. तर अशा वेळी फोन वाजला, आणि तिनं तो खांद्यानं कानाशी दाबला.

पलीकडून बाई गोड हिंदीत म्हणाली, "मॅडम, स्पेन के व्हिसा के बारे में दो मिनट बात करनी है."

"करो, पन जल्दी करो. पानी आया है."

"आप स्पेन क्यों जा रही हैं?"

"मैं कहाँ जा रही? वो ले जा रहे. उनको वहाँ बैठना है."

"और आप वापस कब आएँगी?"

इथं शालनचा पारा चढला. "कब मतलब? नहीं आई तो ये पानी कौन भरेगा? इनको तो बारी भी याद नहीं रहती. रखो बाई, पिंप भर गया!" आणि तिनं फोन ठेवून दिला. यशवंतराव दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी डोक्याला हात लावला. "शालन, घात केलास. अगं, वकिलातीची माणसं ती. त्यांच्याशी असं पिंपाचं बोलतात?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन वाजला. ते उभे राहिले. उभं राहूनच बोलायचं त्यांनी ठरवलं होतं.

"सर, आप पहले कभी अलिकांते गए हैं?"

आता खरं ते सांगायचं, असं लेकीनं बजावलेलं. कोणीतरी एवढ्या वर्षांनी त्यांना हे विचारत होतं. "गया तो नहीं मॅडम," ते म्हणाले, "पर बैठा हूँ वहाँ. समुंदर के किनारे, पेड़ के नीचे. पच्चीस साल हो गए."

"जी? अकेले?"

"नहीं नहीं. मिसेस भी है साथ में."

"और सर... वापस आने का क्या प्लान है?"

कोणीही शहाण्या माणसानं इथं परतीच्या तिकिटाची तारीख सांगितली असती. पण यशवंतरावांची नजर खुर्चीवरच्या टॉवेलावर गेली, आणि गेली ती गेलीच. "मॅडम, झूठ नहीं बोलूँगा. एक बार वहाँ बैठ गए, तो उठने का मन नहीं होगा."

बाईनं फार गोड आवाजात आभार मानले. यशवंतराव आत येऊन शालनला म्हणाले, "काम फत्ते. बाई अगदी भारावून गेली होती. तुझंच काय होतंय बघ आता. झालंच काही तर मी विनंती करीन."

पासपोर्ट आले तेव्हा बुद्धप्रिया मुद्दाम पुण्याहून आली होती. तिनं आधी आईचा उघडला. व्हिसा चिकटलेला होता. मग पप्पांचा उघडला. त्यात काहीच नव्हतं; सोबत एक छापील कागद होता. तिनं तो वाचला आणि खाली बसली.

"पप्पा, ते म्हणतायत... तुम्ही परत याल याची त्यांना खात्री वाटत नाही."

"मी?" यशवंतराव म्हणाले. "मी परत येणार नाही? अगं, लग्नाला गेलो तर अक्षता पडल्या की घरी चला म्हणतो मी! अकलूजला मुक्काम पडला तर मला झोप येत नाही! मी परत येणार नाही?" ते एवढे रागावलेले कोणी पाहिले नव्हते. मग एकदम राग उतरला आणि ते टॉवेलाची घडी घालत बसले. घडी घातलेलीच होती. त्यांनी ती मोडून परत घातली.

बिरुदेव समाचाराला आले. "वरच्या डेपोला अर्ज टाका," म्हणाले. श्रीमंतांनी दुबईला असं होत नाही एवढं सांगितलं. पुन्हा अर्ज करायला वेळ नव्हता. बुद्धप्रियाचं ट्रेनिंग तोंडावर आलेलं. तो कोपऱ्यावरचा फ्लेक्स मात्र उभाच. यशवंतराव दुधाला मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

शालननं सांगून टाकलं, "मी न्हाय जात."

"जायचं."

"मला काय कराचंय तितं एकटीनं? याड तुमचं, आन जाऊ मी?"

"शालन," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की बुद्धप्रिया उठून गॅलरीत गेली. "इतकी वर्षं दोघं बसलोय तिथं. दोघांतलं एक तरी खरं बसू दे की. आता नाही गेलीस तर तुझे गुडघे पुढच्या वर्षी जिना तरी चढू देतील का? टॉवेल घेऊन जा. त्याच किनाऱ्यावर अंथर. माझं सोड."

शालननं टॉवेल हातात घेतला. मग म्हणाली, "पानी कोन भरंल?"

"मी भरतो."

आणि शालन त्या एका वाक्यावर रडायलाच लागली. ते पाण्यासाठी होतं की कशासाठी, ते आपण विचारू नये.

जायच्या आधी तिनं नवऱ्याला पाणी शिकवलं. कॉक कुठल्या बाजूला फिरतो, आधी काय, मग काय, टाकी भरत आली की आवाज कसा बदलतो. कारखान्यात नवीन पोरांना शिकवणारे यशवंतराव गुमान मान हलवत होते. श्रीमंतांनी फ्लेक्सवर कागद चिकटवून दुरुस्ती केली. यशवंतरावांच्या फोटोवर शालनचा फोटो आला आणि 'मा. यशवंतराव' वर 'सौ. शालनताई' अशी पट्टी. पट्टी आखूड पडल्यानं 'मा. य' तेवढं शिल्लक राहिलं होतं.

मायलेकी गेल्या. यशवंतराव पहिल्यांदाच घरात एकटे. सकाळ झाली की टेबलावर दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. बुद्धप्रियाचे मेसेज येत. पोचलो. आई ठीक आहे. भाकरी आहे अजून. मग एक विचित्र मेसेज आला. 'पप्पा, आई काहीच बघत नाहीये. मान खाली घालून चालते. किल्ला दाखवायला गेले तर डोक्यावर पदर ओढून घेते. तुम्ही बोला तिच्याशी.' यशवंतरावांना वाटलं, रुसली असेल. करमत नसेल. उगाच पाठवलं.

पाण्याचा दिवस उजाडला. दुपारी पाणी सुटलं. सोसायटीत हाकाटी झाली. यशवंतरावांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाइप घेतला, पिण्याचं भरलं, पिंपं भरली. सगळं शालनच्या हुकमाप्रमाणे. पाइप टाकीत सोडला आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ होती.

पडद्यावर आधी आभाळ आलं, मग कोणाचा तरी कान, मग सगळं डगमगून स्थिर झालं. आणि समोर तो डोंगर. डोंगरावर किल्ला. अंगावर ऊन घेतलेला, पिवळट, खराखुरा. यशवंतराव दाराच्या चौकटीला टेकले.

"दिसतंय का हो?" शालनचा आवाज.

"दिसतंय."

"मला न्हाय दिसत. मी पाठ करून बसलीय. फोन खांद्यावरनं धरलाय."

"पाठ करून? अगं, वळ की!"

"न्हाय. आदी तुमी बघा. तुमच्या आदी मी बघनार न्हाय, म्हनून मान खाली घालून हिंडतीय. प्रिया लई वैतागलीय."

यशवंतरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मग इतके दिवस बघितलंस काय?"

"फरशी बघितली. लाटालाटांची हाय, तुमी काढलीवती तशीच. लई झ्याक. पुसायला तरास असंल पर."

"आणि समुद्र?"

"त्यो समोर हाय की. त्याला काय, दादरला बघितलाय." मग जरा वेळानं, "सांगा की, काय काय दिसतंय."

आणि सोलापुरात दारात उभ्या असलेल्या माणसानं, अलिकांतेत बसलेल्या बायकोला अलिकांते सांगितलं. वर बुरूज आहे. त्याच्या खाली उतरता डोंगर, उघडा. झाडांची रांग.

"झाड लांब हाय पान्यापासनं," ती म्हणाली.

"मी जवळ घेतलं होतं. टॉवेलाची लांबी पुरत नव्हती."

"आन आपला तट?"

"तो नाही इथं. तो तुझ्याखाली आहे, टॉवेलावर."

"म्हंजी मी आपल्याच किल्ल्यावर बसलीय म्हना की." ती हसली. मग एकदम तिचा आवाज बाजूला वळला, करडा झाला. "ए प्रिया, तितं बसू नगंस. ऊठ. तितं पप्पा बसल्यात."

यशवंतरावांनी चष्मा काढला. तो कशाला पुसायचा होता कोण जाणे, हातात कोरडा पंचासुद्धा नव्हता. मागं टाकीचा आवाज कधीच बदलला होता. पाणी टाकीवरून उतरलं, अंगणभर पसरलं, त्यांच्या पावलांवरून गेलं.

"अगबाई," तिकडून शालन म्हणाली, "लाट पायाला लागली हो."

"माझ्यापण," यशवंतराव म्हणाले.

"काय?"

तेवढ्यात पलीकडून बिरुदेवांची आरोळी आली. "यशवंतराव! टाकी वाहतीय! टाकी!"

शालननं ती स्पेनमध्ये ऐकली. "आज बारी व्हय? अहो, टाकी वाहतीय आन तुमी फोनवर? कॉक! कॉक बंद करा आदी!"

"वाहू दे," यशवंतराव म्हणाले.

आमच्या सोसायटीत हे दोन शब्द आजवर कोणी उच्चारले नव्हते. समोरच्या दारात गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. फोनमध्ये नुसती लाट ऐकू येत होती. मग शालन अगदी हळू म्हणाली, "बरं. वाहू द्या थोडी."

बिरुदेव तावातावानं कॉक बंद करायला आले. त्यांनी पडद्यावरचा किल्ला पाहिला, यशवंतरावांचं तोंड पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही सल्ला न देता, कॉकला हात न लावता, मागल्या पावली परत गेले. यशवंतराव ओल्या पायरीवर बसले, थोडं उजवीकडं सरकून. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा ठेवून. तिकडे शालन अजून पाठमोरीच होती.

"वळ आता," ते म्हणाले.

"न्हाय," ती म्हणाली. "पुढच्या वक्ताला दोघं मिळून वळू."

पाण्यात पाय सोडून दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली.